चौदा फुटांनी वाचलेले घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार याच घरात, नगररचना कार्यालयातून निवृत्त झालेली अनुरेखक, म्हणजे साहेबांनी पेन्सिलने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून तो शाईने गिरवणारी बाई, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि आता शून्याच्या खाली जायचे आहे का असे विचारले, तेव्हा त्यांनी घाईघाईने शिक्का मारला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायची ज्यांना हौस आहे त्यांच्यात तेवढा वकूब नाही. त्यांची नावानिशी नाही तरी नात्यानिशी दखल पुढे घेतली आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती रद्द समजावीत. दोन्हींत मी स्वतःला बरी बाई म्हणून दाखवले होते.

कलम १. मिळकत. माझ्या मालकीचे एक दुमजली लाकडी घर आहे. ते वडिलांनी बांधले आणि त्यांच्या मृत्युपत्राने मला एकटीला दिले. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस: चाळीस फुटी रस्ता, जो या घरापुढे वळण घेतो. पश्चिमेस: बावीस मजली इमारत, जिच्या नावात ‘वन’ आहे आणि आवारात एक झाड नाही. दक्षिणेस: स्वयंपाकघराच्या तयार कपाटांचे दुकान. तिथे येणारी माणसे कपाटांवरून हात फिरवतात, उघडझाप करतात आणि जेवायला बाहेर जातात. उत्तरेस: मोटारी ठेवायची जागा. तिथला पहारेकरी माझ्याच फाटकासमोर मला उभी पाहून, “कोणाकडे काम आहे?” असे रोज विचारतो. मी रोज वेगळे उत्तर देते.

कलम २. हे घर कसे झाले, ते कोणाला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव मात्र पुष्कळांनी आणला आहे, म्हणून लिहिते. माझे वडील ओतकामाच्या कारखान्यात साचेकार होते. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून काढून घेतात आणि मागे उरलेल्या पोकळीत रस ओततात. रस निवताना आक्रसतो, म्हणून साचेकाराची मोजपट्टी मुळातच लांब असते. तिचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा इंचाच्या आठव्या भागाने मोठा. वडिलांकडे दुसरी पट्टी नव्हती आणि विकत घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. सबंध घर त्यांनी त्याच पट्टीने बांधले. परिणामी या घरातल्या कोणत्याही चौकटीत बाजारातले तयार दार बसत नाही, आणि आजवर जितके सरकारी मोजणीदार आले तितके तीन-तीन वेळा मोजून, स्वतःवर संशय घेत परत गेले.

लाकूड खोक्यांचे आहे. परदेशातून यंत्रे यायची ती जाडजूड फळ्यांच्या खोक्यांतून. कारखाना ती खोकी कामगारांना जळण म्हणून देत असे. बाकीच्यांनी जाळली. वडिलांनी अडीच वर्षे साठवली, रंधली, उन्हात वाळवली. मी आठ वर्षांची होते. वाकडे खिळे ठोकून सरळ करणे माझ्याकडे होते. धाकट्या भावाकडे काही नव्हते. तो भुशात बसून भुसा खात असे. त्याच्या पुढच्या आयुष्याचे वर्णन यापेक्षा वेगळे करता येणार नाही. जिन्याच्या सातव्या पायरीखाली अजून ठसा आहे, ‘ही बाजू वर’, आणि तो उलटा आहे. आईने तो दाखवला तेव्हा वडील म्हणाले, “खोक्याला वर-खाली असतं. पायरीला फक्त पुढं असतं.” माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलेला एवढाच विनोद.

कारखान्याने दिलेल्या जमिनींवर अशी बत्तीस घरे उभी होती. आज एक आहे. कारखाना अठ्ठ्याऐंशी साली बंद झाला आणि विकणे सुरू झाले. विकताना सगळे रडले. मी प्रत्येकाच्या रडण्याला हजर होते, कारण मला बोलावत. “तूच समजू शकतेस,” असे म्हणत. डोळे पुसून होण्याआधी प्रत्येकाने बिजागऱ्या आणि कड्या काढून घेतल्या. पुढच्या महिन्यात त्याच लोकांनी सिमेंटच्या घरात भिंतीवर जुन्या घराचा फोटो लावला, चौकटीसह. मला कोणाच्या विकण्याचा राग नाही. फोटोचा आहे.

लग्न का केले नाही, हेही याच कलमात बसते. एक गृहस्थ पाहायला आले होते. बसल्या बसल्या त्यांनी भिंतीवर टिचकी मारली आणि विचारले, “पक्कं कधी बांधणार?” मी त्यांना चहा दिला आणि रस्ता दाखवला.

कलम ३. पुतण्या. माझ्या भावाचा हा एकुलता एक मुलगा जागा विकतो. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. गेली अकरा वर्षे तो महिन्यातून एकदा फळांची टोपली घेऊन येतो आणि म्हणतो, “आत्या, किती दिवस या काडेपेटीत राहणार? एखादी ठिणगी पडली तर?” हे तो इतक्या आशेने विचारतो की मी आग विझवायचे दोन सिलिंडर घेतले आहेत. एकदा मी आत चहा करत असताना त्याने बाहेरच्या खोलीची मापे घेतली. मी आल्यावर पट्टी पायाने सोफ्याखाली ढकलली आणि म्हणाला, “आत्या, इथं काहीतरी चुकतंय, कागदापेक्षा खोली मोठी भरतेय.” मी म्हटले, “तुझ्या आजोबांना विचार.” त्याला आजोबांचा चेहरा आठवत नाही. ती पट्टी, पिवळी, पाच मीटरची, मी जपून ठेवली आहे. ती त्याला द्यावी. घर, जमीन, सामान यांतले दुसरे काहीही त्याला देऊ नये. फळे खाऊन झाली आहेत.

कलम ४. वारसा जतन मंडळ. या मंडळात नऊ माणसे आहेत आणि नऊही सिमेंटच्या घरांत राहतात. अध्यक्षीणबाई तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी खांबाला गाल टेकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “लाकूड श्वास घेतं.” तो खांब वाळवीने पोखरला होता आणि मी आदल्याच दिवशी त्यात औषध भरले होते. तेव्हापासून त्यांना श्वासाचा त्रास आहे असे कळते.

मंडळाची इच्छा अशी, की माझ्या पश्चात इथे संग्रहालय व्हावे आणि खालच्या मजल्यावर कॉफीचे दुकान. माझा बिछाना ‘तत्कालीन शयनकक्ष’ म्हणून दोरी बांधून ठेवणार आहेत. दोरीचा रंगही ठरला आहे. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या दारावर पितळी पाटी लावली. ‘काळाशी झुंजून उभी राहिलेली वास्तू.’ समारंभ झाला. रस्त्यात खुर्च्या मांडल्या, वाहतूक अडवली. अध्यक्षीणबाईंनी भाषण केले: “हे घर कोणाच्या वशिल्याने वाचलं नाही. एका सच्च्या कारागिराच्या पुण्याईने वाचलं. बघा, या घरापुढे रस्तासुद्धा अदबीने वाकला!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आले. आवरता येईना, इतके आले. कवळी निसटली. मंडळींना वाटले मला भरून आले. दोघींनी मला धरले, पाणी पाजले, आणि कोणीतरी फोटो काढला. तो फोटो मंडळाच्या अहवालात मुखपृष्ठावर आहे: ‘कृतार्थ अश्रू’.

ती पितळी पाटी आणि तिचे चार स्क्रू मंडळाला परत द्यावेत. त्यांना दुसरे काही नाही. मात्र पुढचे कलम त्यांनी लक्ष देऊन वाचावे, कारण रस्ता का वाकला ते त्यात आहे.

कलम ५. रस्ता. चौऱ्याहत्तर साली, मी तीस वर्षांची असताना, स्टेशनापासून कारखान्यापर्यंत नवा रस्ता ठरला. मूळ नकाशा आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी काढला. हे साहेब जेवणानंतर टेबलावर डोके ठेवून झोपत आणि त्यांच्या टेबलाच्या काचेवर त्यांच्या कपाळाचा डाग होता. एका सोमवारी तो पेन्सिलचा कागद गिरवायला माझ्याकडे आला. मी वर कापड ताणून पिना लावल्या आणि रेघ कुठून जाते ते पाहिले. सरळ जात होती. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून, जिन्याला चाटून. स्वयंपाकघर आणि मागचा संडास तेवढा राहत होता.

समोरच्या बाजूला सगळी कारखान्याची कोळशाची जागा होती. फक्त आमच्या अगदी समोर एक घर होते, आमच्यासारखेच लाकडी. ते होते कारखान्यातल्या लेथवाल्या काकांचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गातली. तिचा आवाज असा, की कारखान्याचा भोंगा बिघडला तर हिला गच्चीवर उभी करा असे मास्तर म्हणाले होते; तेव्हापासून तिचे नाव भोंगा. ती दुसऱ्या हाकेला ओ देत नाही, म्हणून या कागदातही तेच लिहिते. मी उंच आणि हाडकुळी, म्हणून मी फूटपट्टी. आम्ही सोळा वर्षे रोज एकमेकींच्या घरी होतो. ती पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवायची. माझ्या अंगावरचा प्रत्येक कपडा तिने शिवलेला होता. त्या सोमवारीसुद्धा.

मी रस्ता चौदा फूट पलीकडे सरकवला. एकदम सरकवला असता तर कोणाच्याही डोळ्यांवर आला असता, म्हणून तीनशे फुटांच्या लांबीत एक वळण दिले. त्याला दोन दिवस लागले. वळण चांगले आले. नकाशात जे घर पाडायचे असते ते तिरप्या बारीक रेघांनी भरतात. भोंगाचे घर मी स्वतः भरले. रेघांमधले अंतर सारखे राहावे म्हणून श्वास रोखून भरले. मला समोर कोण राहते ते दिसले नाही, असे लिहिण्याचा मी विचार केला होता. आधीच्या दोन मृत्युपत्रांत तर या सबंध गोष्टीचा उल्लेखच नाही.

साहेबांनी न पाहता सही केली. पेन्सिलचा कागद मी गुंडाळी करून छत्रीत घालून घरी आणला. पुढे त्या वळणाबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्रक मिळाले. नव्या अभियंत्यांना ते वळण दाखवायला आणत. साहेब काठीने दाखवत आणि म्हणत, “असं वळण आतून यावं लागतं.” मी मागे उभी राहून वहीत टिपून घेत असे.

नोटीस आली तेव्हा भोंगा तशीच, खांद्यावर टेप टाकलेली, रस्ता ओलांडून आली.

“फूटपट्टी, तू ऑफिसात आहेस. बघ ना काही होतंय का.”

“वरून आलंय,” मी म्हणाले. “माझ्या हातात काय असतं? आम्ही नुसतं गिरवतो.”

“मग निदान अर्ज तरी लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे.”

मी दोन पानी अर्ज लिहून दिला. मनापासून लिहिला. तो फेटाळला जाणार हे शहरात दोनच माणसांना माहीत होते, एक मी आणि दुसरीही मीच. पावसाळ्याआधी घर पाडले. माझ्या वडिलांनी लेथवाल्या काकांबरोबर त्यांचा घरातला छोटा लेथ, म्हणजे कातकामाचे यंत्र, दोराने ओढून हातगाडीवर चढवला. ती मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत गेली. तिथे लेथ मावला नाही. शिवणाचा वर्गही मावला नाही. काका पुढे कोळशाच्या जागेवर रखवालदार झाले आणि नव्या रस्त्याकडे तोंड करून बसत. भोंगाला बसस्थानकात घोषणा करायची नोकरी लागली. सव्वीस वर्षे तिने फलाट आणि वेळा पुकारल्या. मी सव्वीस वर्षे एक थांबा आधी उतरून चालत गेले. तरी ऐकू यायचे.

कलम ६. भाऊ. माझ्या भावाची समजूत आहे की मी वडिलांना लाडीगोडी लावून घर लिहून घेतले आणि त्याला नुसत्या शिल्लकीवर वाटेला लावले. एक्केचाळीस वर्षे तो हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला सांगत आला आहे. या समजुतीपोटी त्याने मला कधी पत्र लिहिले नाही, आणि त्याची पत्रे किती कंटाळवाणी असतात ते माहीत असल्याने मी ती समजूत दूर केली नाही. आता करते.

समोरचे घर पाडल्यानंतर वडील पुढच्या खोलीत बसेनासे झाले. स्वयंपाकघरात आईच्या चौरंगावर बसत. मला वाटले उकाडा. सात वर्षांनी ते आजारी पडले. मी औषध द्यायला गेले तर म्हणाले, “ते वळण कोणी काढलं?”

“साहेबांनी.”

“जमिनीला उतार नाही, ओढा नाही, खडक नाही. वळणाला कारण लागतं. मी साचे केलेत आयुष्यभर. उगाच फुगवटा कुठं आहे ते मला बोटाला कळतं. तिथं उभा राहिलो की माझ्या घराशिवाय दुसरं कारण दिसत नाही.”

मी चमचा धरून उभी राहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी वकिलांना बोलावले आणि घर मला दिले. मला वाटले, माफी झाली. वकील गेल्यावर म्हणाले, “तूच मिळवलंस, तूच सांभाळ. मला यातलं काही नको, आणि धाकट्यालाही यात ओढायचा नाही. त्याचे हात निदान स्वच्छ आहेत.”

तेव्हा भाऊ, तुझे हात रिकामे राहिले ते वडिलांना तू नावडता होतास म्हणून नव्हे. त्यांच्या मते आपल्या दोघांत बरा तू होतास. हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही, पण त्यांचे मत तुझ्या हवाली करणे भाग आहे. माझ्याकडून तुला एवढाच वारसा.

कलम ७. घर. पाटीच्या समारंभानंतर आठ दिवसांनी मी छत्रीत घालून आणलेला तो पेन्सिलचा कागद आणि माझ्या नकाशाची निळी प्रत घेतली आणि भोंगाकडे गेले. टायरच्या दुकानावर तिसरा मजला.

“कोण?” आतून आवाज आला. जिना हादरला.

“मी. फूटपट्टी.”

दार उघडले. “मेलीस असं ऐकलं होतं.”

“अजून नाही.”

“मग पाय पूस आणि ये.”

मी माफीचे वाक्य पाठ करून गेले होते. तोंड उघडले तशी ती म्हणाली, “ते राहू दे. कागद कसले ते सांग.” मी दोन्ही टेबलावर पसरले आणि सांगितले. तिने चष्मा लावला. आधी पेन्सिलची सरळ रेघ पाहिली, मग निळ्या प्रतीवर स्वतःचे घर शोधले आणि त्या तिरप्या रेघांवर बोट ठेवले.

“हे तुझ्या हातचं?”

“हो.”

“किती फूट?”

“चौदा.”

“आणि मी तुझ्याकडेच अर्ज लिहायला आले.”

“हो.”

“माझ्या अण्णांनी तो अर्ज द्यायच्या आधी चार जणांना दाखवला होता. म्हणाले, बघा काय अक्षर आहे पोरीचं.”

खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होते. ते थांबल्यावर ती चष्मा काढून म्हणाली, “मला वाटायचं, आम्ही भाड्याच्या खोलीत गेलो म्हणून तू ओळख तोडलीस. आम्ही तुझ्या तोलाचे राहिलो नाही म्हणून. सत्तेचाळीस वर्षं मी स्वतःला कमी समजले गं. साडी घेताना, कोणाकडे जाताना, दर वेळी मनात यायचं, फूटपट्टीनेसुद्धा टाकलं. आणि तू गर्विष्ठसुद्धा नव्हतीस. नुसती भित्री होतीस.”

मी म्हणाले, “घर तुझ्या नावावर करणार आहे.”

“मी काय करू त्याचं? माझे गुडघे बघ. तुझ्या बापाचा तो जिना चढता चढता जाईन.”

“नको असेल तर...”

“थांब. नको म्हटलं तर तू निवांत मरशील,” ती म्हणाली. “म्हणून घेते. कर माझ्या नावावर. आणि तू आहेस तोवर मी दर गुरुवारी येऊन पुढच्या खोलीत बसणार. चहा तू करायचास.”

तेव्हापासून येते. चहा पातळ आहे म्हणते, पडदे कोणत्या आंधळ्याने शिवले विचारते, पुतण्या आला तर त्याच्याच फळांतले सफरचंद त्याच्यासमोर चावून खाते. त्याने एकदा हळूच विचारले, “आत्या, या कोण?” मी तोंड उघडायच्या आत तिने एवढ्या मोठ्याने “शेजारीण!” म्हणून सांगितले की तो टोपली विसरून गेला. एका गुरुवारी मात्र ती खिडकीतून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, जिथे आता कुंड्यांत प्लास्टिकची झाडे लावली आहेत, तिथे पाहत होती. उठताना म्हणाली, “त्या तिसऱ्या कुंडीपाशी माझं मशीन असायचं.” मी कप उचलून आत नेले. दुसरे काय करणार होते?

सबब माझ्या पश्चात हे घर, जमिनीसह, पूर्ण मालकी हक्काने भोंगाला द्यावे. कोणतीही अट नाही. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, पाडावे, रस्ता सरळ करायला सरकारला द्यावे किंवा सरपण करावे. काय करणार असे मी विचारले तर म्हणाली, “तुला कळणार नाही, यातच गंमत आहे.” तिला कोणी विचारू नये, समजावू नये, आणि मंडळाने तिच्यासमोर खांबाला गाल लावू नये. ती माझ्याआधी गेल्यास तिने जे नाव लिहून ठेवले असेल त्याला घर मिळावे. ते नाव तिने मला सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. हे दान नव्हे, बक्षीस नव्हे आणि प्रायश्चित्तही नव्हे. चौऱ्याहत्तर साली माझ्या हातून चोरी झाली. तो माल परत जातो आहे, वापरून जुना झालेला. पेन्सिलचा मूळ कागद या मृत्युपत्राला जोडला आहे.

कलम ८. बँकेतली ठेव भोंगाच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आहे. ती थेट रुग्णालयाला द्यावी. तिच्या हातात देऊ नये. ती नवा पंखा घेईल आणि गुडघे तसेच ठेवील.

कलम ९. वडिलांची हत्यारे, म्हणजे सतरा पटाशा, पाच रंधे आणि ती लांब मोजपट्टी, मागच्या गल्लीत खुर्च्या विणणाऱ्या म्हाताऱ्याला द्यावीत. तंत्रशाळेने मागितली होती. तिथले शिक्षक आले, पटाशी उलटी धरून पाहिली आणि भिंतीवर छान दिसेल म्हणाले. खुर्चीवाल्याने पाहिली, अंगठ्यावर धार लावून बघितली आणि मला शिवी दिली, इतकी वर्षे तेल का लावले नाही म्हणून. त्याला द्यावीत.

कलम १०. माझे प्रेत विजेच्या दाहिनीत न्यावे. भाषण करू नये. ‘जुन्या पिढीचा दुवा निखळला’ असे कोणी म्हणू लागल्यास त्याला बाहेर काढावे. शोकसभा घेऊ नये. फोटो लावायचाच असेल तर मंडळाच्या अहवालावरचा लावू नये. त्यात मी हसत आहे.

खाडाखोडीबाबत खुलासा. या मृत्युपत्राचा मसुदा मी गेल्या गुरुवारी भोंगाला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटले झोपली. सातव्या कलमात मी ‘माझ्या हातून चूक झाली’ असे लिहिले होते. तिथे आल्यावर ती म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचले.

“चूक?” ती म्हणाली. “चूक म्हणजे हात थरथरतो, शाई सांडते. तू दोन दिवस मोजत बसली होतीस.”

“मग काय लिहू?”

“तुला शब्द माहीत आहे. अक्षर चांगलं आहे तुझं. लिही.”

मी लिहिला. तिने कागद ओढून घेतला, चष्मा लावून पाहिला, बरोबर लिहिला आहे याची खात्री केली आणि चहा गार झाला म्हणून ओरडली. तेव्हा सातव्या कलमात ‘चूक’ हा शब्द खोडून ‘चोरी’ केला आहे तो मीच केला आहे, समजून केला आहे, आणि समासात त्यावर माझी सही आहे. दुसरी खाडाखोड नाही.

लिहून ठेवणार:
(सही)
निवृत्त अनुरेखक

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना समक्ष पाहिले, एकमेकांसमोर सह्या केल्या आणि ज्यांना यातले काही मिळणार नाही:

१. (सही) समोरच्या इमारतीतले डॉक्टर. यांनी सगळे वाचायला मागितले. दिले नाही.

२. (सही) कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. याने प्रती काढताना सगळे वाचले. घरी जाताना मला रस्ता ओलांडून देतो म्हणाला. मी नको म्हटले, पण तो आला.

ठिकाण: घराची पुढची खोली
दिनांक: १० मार्च २०२२, गुरुवार, दुपारी साडेतीन. ती चारला येते.